पाठीमागची गाठ

वहिनींनी एकदा नवस बोलला होता. शेजारचे आबा गोष्टीची सुरुवात नेहमी इथूनच करतात, तीही दिवे गेल्यावर, पोरं पायरीवर दाटीवाटीनं बसली की. तेव्हा वहिनींच्या पोटात बाळ होतं, खाडीपलीकडं नेणारी बोट लाटांवर आपटत होती आणि ओकून ओकून त्या अर्ध्या झाल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून म्हटलं, "देवा, लेकरू सुखरूप हातात दे. मग या बोटीवर जो कुणी घाबरेल, त्याचा हात मी किनाऱ्याचा धक्का लागेपर्यंत सोडणार नाही."

लेकरू झालं, शाळेतही जायला लागलं. वहिनींचा नेम चुकला नाही. खलाशी थट्टा करायचे, "वहिनी, आज मलाच मळमळतंय, धरा हात!" त्या म्हणायच्या, "आधी बायकोला विचारून ये." पण कुणी खरंच भेदरलेलं दिसलं की त्याला मधल्या बाकावर बसवायच्या, तिथं बोट कमी डुलते. कोरडं बिस्किट चघळायला द्यायच्या, आणि दूरच्या एखाद्या दिव्यावर नजर ठेवायला सांगायच्या.

त्या दिवशीचं काम साधंच. पलीकडच्या नणंदेला तिच्या शिलाई मशीनचा नवा पट्टा पोचवून नवरा-बायको शेवटच्या बोटीनं परतत होते. शनिवार, अमावास्येची रात्र. निघताना पाणी अगदी शांत. अर्ध्या वाटेत वारा फिरला. बोट उचलली जायची आणि दाणकन खाली यायची.

नवऱ्यानं बाकाखाली हात घातला. बुडू नये म्हणून घालायचं जॅकेट एकच निघालं. त्यानं ते अंगात चढवून पुढचा चाप लावला.

"अगं, वर डेकवर जायचं म्हणजे हे हवंच. तुझ्यासाठी दुसरं घेऊन आलोच."

"लवकर या हो."

"आलोच म्हटलं ना!"

तो गेला. बाकीचीही माणसं एकेक करून जिन्याकडं सरकली. वहिनी उठणार, तेवढ्यात खिडकीजवळ त्यांना एक बाई दिसली. चिंब भिजलेली, थरथरत बसलेली. वहिनींनी सवयीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. बर्फासारखे गार.

"घाबरू नका, ताई. बरोबर कुणी आहे?"

"नवरा. वर गेलाय."

"आमचेही! वर काय ठेवलंय या पुरुषांचं, देव जाणे."

बाई हसली नाही. "जॅकेटची गाठ पाठीमागं असते. आपली आपल्याला बांधता येत नाही. त्याची मी बांधून दिली. म्हणाला, वर बघून आलोच, मग तुझी बांधतो."

वहिनींना नवल वाटलं. हल्ली तर सगळ्या जॅकेटांना पुढं चाप असतो. तरी त्या म्हणाल्या, "येतील हो."

"आलोच म्हणतात ना..." बाई हळूच म्हणाली, "तेव्हा आपल्याला वाटतं, आलाच."

दिवे गेले.

वरून कुणी ओरडलं, "खाली राहू नका! वर या!" वहिनींनी कान दिला. परके आवाज. आपल्या माणसाचा आवाज त्यात नव्हता... पुन्हा कान दिला. नव्हताच.

पाणी घोट्याशी आलं.

"उठा, ताई."

"मला उठता येत नाही. तू जा. सगळे जातात."

जिना जवळच होता. घरी लेकरू होतं. हात सोडले, तर...

"धक्का लागेपर्यंत नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पकड आणखी घट्ट केली.



अंधार.

मग पाठीवर काहीतरी हललं. गार बोटं. एक गाठ... तिच्याखाली दुसरी...

पण बाईचे दोन्ही हात वहिनींच्या हातातच होते.

"झालं," कानाशी कुणी म्हणालं. "तू थांबलीस."

पाणी भरलेली बोट कशीबशी धक्क्याला घासली. दिवे आले. वहिनींच्या मुठी घट्ट मिटलेल्या, आत नुसतं पाणी. बाकावर कुणी नव्हतं.

नवरा सगळ्यांच्या आधी उतरून धक्क्यावर उभा होता. हात रिकामे. "अगं, मी येतच होतो! गर्दी इतकी..." वहिनींनी त्याच्याकडं बघितलं. बघतच राहिल्या. त्यानं नजर खाली घातली आणि दचकला. "हे... हे काय घातलंयस?"

विटक्या जाड कापडाचं जॅकेट. आत बुचाचे तुकडे भरलेले.

"सोडा," म्हणून वहिनींनी त्याच्याकडं पाठ केली. त्याला गाठ सुटेना. शेवटी म्हातारा खलाशी सुरी घेऊन आला. त्यानं गाठी कापल्या.

"ही जॅकेटं माझ्या बापाच्या वेळची, वहिनी. बोटीवर आता एकही नाही. एकटीनं बांधलंत कसं?"

"एकटीला नाही येत बांधता," वहिनी म्हणाल्या, आणि नवऱ्याची वाट न बघता चालू लागल्या.

ते जॅकेट वहिनींच्या दारामागं खुंटीला अजून आहे. कापड केव्हाच वाळलं. त्या कापलेल्या गाठी तेवढ्या अजून ओल्या आहेत.

आबा गोष्ट इथं संपवतात. मग म्हणतात, "पोरांनो, वहिनींसारखा एवढा एक नवस तुम्हीही बोला. शेजारचं कुणी घाबरलं, तर धक्का लागेपर्यंत हात सोडू नका. आणि कुणाला 'आलोच' म्हणालात ना... तर या रे, बाबांनो."