इरा गावडेची पकड

व्यावसायिक कबड्डीतल्या निवड चाचण्या बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. खेळाडूला मैदानात उतरवून, धावायला लावून पारखण्याची पद्धत आता कोणालाच आठवत नव्हती. महाविद्यालयातल्या मुलामुलींना तीन आठवडे शरीराची हालचाल टिपणारं एक पातळ बनियन घालायला द्यायचं, थोडं रक्त घ्यायचं, आणि त्यावरून ती पुढे कशी खेळतील याचा 'भावीपट' काढायचा, एवढंच काम उरलं होतं.

दामोदर खरमाटे मात्र जुन्या जमान्यातले. अठरा वर्षं त्यांनी डावा कोपरा सांभाळला होता. म्हणजे चढाईला आलेल्याच्या घोट्यावर मागून झडप घालायची, हे त्यांचं काम. कृष्णाकाठ संघानं त्यांना निवडकर्ते म्हणून ठेवलं होतं, कारण प्रत्येक अहवालावर एका माजी खेळाडूची सही लागेल असा लीगचा नियम होता. सहीपलीकडे त्यांना फारसं काही करावं लागत नसे.

त्या दिवशी संघाच्या प्रयोगशाळेतून डॉ. रेणुका अत्तरदे यांचा फोन आला. "खरमाटेसाहेब, येऊन जा. असा पट मी अजून पाहिला नाही."

पडद्यावर एक मुलगी खेळत होती. इरा गावडे, वय एकोणीस, चंदगडच्या महाविद्यालयातली. पडद्यावर मात्र ती सव्वीस वर्षांची होती.

"हे खरं किती मानायचं?" खरमाट्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"धरण फुटलं तर पाणी कुठून कुठे जाईल ते आपण आधी काढतो ना? जमिनीचा उतार ठाऊक असला की झालं. इथे उतार म्हणजे तिचे स्नायू, तिची हाडं, घाबरल्यावर ती काय करते, हरल्यावर काय करते. यंत्र तिची पुढची बारा वर्षं चाळीस हजार वेळा खेळून बघतं. एकदा जे घडलं त्याला किंमत नाही. पुन्हा पुन्हा जे घडतं, ते धरायचं." डॉक्टरांनी चित्र मागे नेलं. "चौथ्या हंगामात तिचं उजवं मनगट मोडतं. बोटांची पकड कायमची कमजोर होते. आणि मग सहाव्या हंगामात, हे बघा."

पडद्यावरची इरा मागे तोल गेल्यासारखी बसली. चढाईपटू उडी मारून तिच्यावरून जाऊ लागली, तेव्हा इरानं डाव्या कोपराच्या बेचक्यात तिची टाच अडकवली आणि खांदा तिच्या गुडघ्याआड लावला. बोटांचा उपयोगच नव्हता. चढाईपटू मध्यरेषेपासून हातभर अलीकडे आडवी झाली.

खरमाटे खुर्चीतून उठले. चाळीस वर्षं कबड्डी पाहिलेल्या त्या माणसानं अशी पकड कधी पाहिली नव्हती.

"चाळीस हजारांतल्या एकतीस हजार वेळा ती हे शोधून काढते," डॉक्टर म्हणाल्या. "गुणांक एक्याण्णव."

सत्तरच्या वर गुणांक असला की संघ खेळाडू घेत असे. एक्याण्णव आजवर कुणालाच मिळाला नव्हता.

खरमाटे मुद्दाम चंदगडला गेले. काजूच्या झाडांशेजारच्या मैदानावर इरा सराव करत होती. उंच, हडकुळी, पायांनी जमीन चाचपत सरकणारी. साधी घोट्याची पकडसुद्धा ती असा धीर धरून करायची, की पाहणाऱ्याचाच श्वास अडकावा. सराव संपल्यावर ती मातीनं भरलेले हात पुसत त्यांच्यासमोर आली.

"सर, त्या पटात मी कशी खेळते?"

खेळाडूला पट दाखवायचा नाही, त्यातलं सांगायचंही नाही, असा नियम होता. "चांगली खेळतेस," ते म्हणाले.

"चांगली म्हणजे? आईला सांगण्यासारखी?"

"आईला सांग, तयारीत रहा म्हणून."

ती एवढी हसली, की परतीच्या वाटेवर खरमाट्यांना उगाचच तरुण झाल्यासारखं वाटत राहिलं.

दोन महिन्यांनी, इराच्या अहवालावर सही व्हायच्या आधीच, लीगचे सामने सुरू झाले. पहिल्याच सामन्यात कृष्णाकाठची जुनी कोपरारक्षक मागे बसली, कोपराच्या बेचक्यात टाच अडकवली आणि चढाईपटूला लोळवलं. प्रेक्षागृह उभं राहिलं. समालोचकानं तिथल्या तिथे नाव ठेवलं, 'कोपरफास'. खरमाट्यांनी ती पकड तत्क्षणी ओळखली.

सामना संपताच ते थेट प्रयोगशाळेत गेले.

"ती पकड त्या पोरीची आहे, डॉक्टर."

"तिनं ती कुठे केली आहे? सात वर्षांनी केली असती."

"मग शोधली कुणी?"

"हा प्रश्न मलाही पडला होता. वरून विचारणा आली, पटात वापरण्यासारखं काही आहे का. मी होय म्हणाले. खोटं कसं बोलणार?" डॉक्टरांनी एक कागद पुढे केला. "आणखी एक आहे. पट पुन्हा काढावा लागला. कोपरफास आता सगळ्यांना ठाऊक झालाय. तीन हंगामांत चढाईपटू त्यावर उतारा काढतील. त्यामुळे तिचा नवा गुणांक चौसष्ट."

"आणि तो एक्याण्णव? तो चूक होता?"

"तोही बरोबर होता."

खरमाट्यांनी अहवालावर दोन्ही आकडे लिहिले आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'ही पकड हिचीच आहे. निवड करावी.' अहवाल परत आला. असा शेरा लिहायला रकाना नाही, असं कळवलं होतं. त्यांनी सही नाकारली. आठवड्याभरात दुसऱ्या एका माजी खेळाडूनं ती केली, आणि इरा गावडेचं नाव यादीतून गेलं.

खरमाटे पुन्हा चंदगडला गेले. नियम गेला खड्ड्यात, पोरीला कळलं पाहिजे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मैदानाच्या कडेला बसून त्यांनी तिला सगळं सांगितलं. मनगटाचं, सहाव्या हंगामाचं, एकतीस हजार वेळांचं. इरा मान खाली घालून ऐकत होती.

"मी टीव्हीवर बघितली ती पकड," शेवटी ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी इथं करून बघितली, तर पहिल्याच फटक्यात जमली. आमच्या सरांनी पाठ थोपटली. म्हणाले, इरा, तू नक्कल झकास करतेस."

ती त्यांच्याकडे वळली.

"सर, त्या पटातल्या मला... म्हणजे तिला, आनंद झाला होता का? पहिल्यांदा जमली तेव्हा?"

"ते मी नीट पाहिलं नाही गं," ते खरं तेच बोलले. "मी पकडच बघत राहिलो."

तिनं पिशवीतून एक पाकीट काढलं. प्रयोगशाळेचं पत्र होतं. इराचं मन अडचणीतून वाट काढणारं आहे, असं पटात दिसलं होतं. तेव्हा तिनं दर वर्षी एकदा येऊन नवा पट काढू द्यावा, अशी विनंती होती, आणि खाली संमतीच्या सहीसाठी जागा. संघात घेण्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

"सही करू नकोस," खरमाटे म्हणाले. "तुला खेळवणार नाहीत ते. तू पुढे जे जे शोधशील ते आधीच काढून नेतील, आणि ते गेलं की तुझ्या वाट्याला पुन्हा चौसष्टच. दर वर्षी असंच. तू इथंच खेळ. दुसरे संघ आहेत."

"सगळेच पट काढतात, सर. आणि चौसष्टवालीला कोण घेणार? मोठ्या मैदानात उतरलेच नाही, तर मनगट कुठलं मोडायचं नि पकड कुठून सुचायची?" तिच्या आवाजात राग नव्हता. गणित सोडवावं तसं ती बोलत होती. "सही नाही केली, तर मी काय काय केलं असतं ते मला कधीच कळणार नाही."

"केलीस तरी दाखवणार नाहीत तुला."

"दाखवतील की." तिनं कागद गुडघ्यावर सरळ केला आणि पेनासाठी त्यांच्यापुढे हात केला. "दुसरं कुणीतरी करताना, टीव्हीवर."