गुहेच्या तोंडाशी बसलेले काका

अंटार्क्टिकाच्या वाटेवरच्या साउथ जॉर्जिया बेटावर जुन्या सील-शिकाऱ्यांची एक गुहा आहे आणि तिच्या भिंतींवर त्यांनी आपली नावं कोरलीत, असं ग्लासगोचे चंद्रशेखर सर उभा जन्म सांगत आले होते. कुणाचाच विश्वास नव्हता. निवृत्त झाल्यावर ते ती शोधायला निघाले. सोबत त्यांची विद्यार्थिनी दीक्षा आणि तिचा मित्र, लंडनच्या स्टॅनमोर उपनगरातला विक्रांत. विक्रांतचा वन्यप्राण्यांशी संबंध कचऱ्याचे डबे उलथणाऱ्या कोल्ह्यापुरताच होता.

बोटीने त्यांना खडकांवर उतरवलं. भरतीआधी परतायचं होतं. डोंगरावरून वारा असा कोसळत होता, की पेंग्विनसुद्धा पाठ फिरवून उभे होते. कमरेएवढ्या गवतातून सीलांची गुरगुर येत होती. चारी बाजूंनी!

पाण्याकाठच्या शेवाळावरून सरांचा पाय सटकला. कट्! घोटा गेला.

"मी इथंच बसतो," सर कण्हत म्हणाले. "गुहा त्या वळणापलीकडे असणार. विक्रांत, तू जा. एक फोटो फक्त!"

दीक्षाने त्याच्या हातात काठी दिली. "सील आला तर पळायचं नाही हं. पळालास की चावतो."

"आणि नाही पळालो तर?"

"शक्यतो नाही चावत."

वळणापलीकडे खडकात काळं भगदाड होतं. गुहा! तिच्या तोंडाशी एक नर सील. सोफ्याएवढा.

"अहो काका," विक्रांत त्याला पुटपुटला, "जरा सरकता का?"

काकांनी जबडा उघडला. कुत्र्याचे दात, अस्वलाचा आवाज! ते झेपावले. विक्रांत पळाला नाही. पाय हलतच नव्हते. त्याने काठी पुढे केली. काकांनी ती दातांनी हिसकावली आणि बाजूला जाऊन चघळत बसले.

वाट मोकळी! चार पावलं आणि फोटो...

"विक्रांत!" दीक्षाची किंकाळी आली. "पाणी चढलंय! सरांना मला एकटीला उचलवत नाहीये!"

त्याने आतल्या अंधाराकडे एकदा पाहिलं. वळला. आणि काकांच्या नाकासमोरून, सगळे नियम मोडून, धूम पळाला!

पाणी सरांच्या छातीला लागलं होतं. दोघांनी त्यांना बखोटीला धरलं. लाट डोक्यावरून गेली. ओढलं! पुन्हा लाट. बोटीतून दोर आला. निसटला. पुन्हा आला. धरला!

बोटीत सरांचे ओठ निळे पडले होते. "नावं... दिसली?"

"सॉरी सर. आत गेलोच नाही."

"आत?" सर ताठ बसले. "आत जायला काही आहे तिथं?"

"गुहा आहे ना, सर."

सर दीक्षाकडे वळले. दात वाजत होते, तरी हसू थांबेना. "ऐकलंस? आहे म्हणतोय तो. आहे!"