डाव्या चाकाची खूण

हिरवळीवर ट्रॅक्टर घालण्यापूर्वी मी चार गोष्टी पाहतो. चाकांतली हवा बारा पौंडांच्या वर नसावी. पाणी देऊन किमान दोन दिवस झालेले असावेत. लांब स्क्रूड्रायव्हर मातीत रोवला असता तो मुठीपर्यंत सहज जाता कामा नये. आणि मडगार्डवर कोणी बसलेले नसावे.

चौथ्या गोष्टीला लोक हसतात. आपल्याकडे ट्रॅक्टर निघाला की चालकाच्या डाव्या-उजव्या मडगार्डवर दोघे बसणारच. पण माझा ट्रॅक्टर अठरा अश्वशक्तीचा, छोटा. पोटाखाली बसवलेल्या गवतकापणी यंत्रासह त्याचे वजन आठशे वीस किलो. चाके रुंद, उथळ नक्षीची, खास गवतासाठी केलेली. मी सत्तर किलोचा. एका बाजूला आणखी एक माणूस बसला, की त्या बाजूचे चाक रुतते, मुळे दबतात आणि आठ दिवसांनी हिरवळीत पिवळा पट्टा उमटतो.

मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली त्याला आता पंचेचाळीस वर्षे होतील. आमच्या कार्यशाळेचे शिक्षक सांगत, की दुरुस्ती अशी करावी की कोणी येऊन गेले हे कळू नये. निवृत्तीनंतर लातूर-नांदेडकडच्या बंगल्यांची हिरवळ राखण्याचे काम मी हाती घेतले, ते याच कसोटीवर.

औसा रस्त्यावरील दयानंदरावांचा बंगला मला गेल्या वर्षी जानेवारीत मिळाला. ते महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. पत्नी उज्वलाताई शाळेत मुख्याध्यापिका आहेत. बंगला त्यांच्या वडिलोपार्जित शेतातच बांधलेला. भोवतीच्या वीस गुंठ्यांत काळ्या मातीवर मुरूम आणि लाल माती टाकून त्यांनी लॉन केले होते. जुन्या शेतातले एक कडुलिंबाचे झाड तेवढे फाटकापासून वीसेक फुटांवर ठेवलेले होते.

मी दर सोमवारी सकाळी नऊ वाजता जात असे. दयानंदरावांच्या मातोश्री, धोंडाबाई, खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणावर होत्या. त्यांची खोली घराच्या मागच्या अंगाला. तिच्या खिडकीतून कुंपणाची भिंत आणि पाण्याची टाकी, एवढेच दिसे.

तिसऱ्या सोमवारी काम संपवून मी मागे वळून पाहिले, तेव्हा डाव्या चाकाची खूण उजवीपेक्षा गडद दिसली.

हवा तपासली, दोन्हीकडे बारा पौंड. सरळ पट्टी आडवी ठेवून खोली मोजली. उजवी खूण चार मिलिमीटर, डावी सात. पण सगळीकडे नव्हे. फाटकापासून त्या कडुलिंबापर्यंत दोन्ही खुणा सारख्या होत्या. लिंबापाशी डावी एकदम खोल होत होती, आणि काम संपवून मी फरसबंदीवर चढेपर्यंत तशीच राहिली होती.

पुढच्या सोमवारी मी मागची चाके अदलाबदल करून लावली. फरक पडला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारी सगळ्या फेऱ्या उलट दिशेने मारल्या. दोष जमिनीत असता, तर खोल खूण आता उजव्या चाकाखाली यायला हवी होती. ती डाव्याच चाकाखाली राहिली. म्हणजे दोष जमिनीत नव्हता.

सहाव्या सोमवारी मी शेजारच्या बांधकामावरून सिमेंटची पन्नास किलोची गोणी मागून घेतली आणि ती उजव्या मडगार्डवर दोरीने आवळून बांधली.

लिंबापर्यंत उजवी खूण खोल उमटली. लिंबापासून पुढे दोन्ही खुणा तंतोतंत सारख्या झाल्या.

मी पट्टी पुसून पिशवीत ठेवली आणि गोणी परत देऊन आलो. सांगण्याजोगे माझ्याकडे फक्त एक वजन होते.

सातव्या सोमवारी उज्वलाताई रजेवर होत्या; त्या चहा घेऊन ओट्यावर आल्या. रात्ररात्र जागल्याचे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

"काका, एक विचारू? आज ट्रॅक्टर कुठं आदळला का?"

लिंबाच्या उघड्या मुळीवरून डावे चाक गेले होते. आवाज झाला नव्हता. मला फक्त सीटवर हिसका जाणवला होता.

"तुम्हाला कसे कळले?"

"मला नाही. आई म्हणाल्या, मुळीवरून घातला मेल्यानं, कंबर मोडली माझी." त्या ओशाळून हसल्या. "तुम्हाला नाही हो, कुणाला म्हणतात काय माहीत. तीन आठवडे झाले, अन्न नाही पोटात. डॉक्टर म्हणतात, आता करण्यासारखं काही नाही. पण जीवही जात नाही. दिवसभर एकच चालू असतं, उतरवा मला, उतरवा मला. पलंगावरून खाली घेतलं, सतरंजीवर निजवलं, तरी तेच. फक्त तुमचा ट्रॅक्टर चालू असला की गप्प पडून राहतात. म्हणून म्हणते, जमलं तर मधल्या वारी पण येऊन जात जा."

"त्यांचे वजन किती आहे?" मी विचारले.

प्रश्न त्यांना विचित्र वाटला असावा. "परवा नर्सनं केलं. बत्तीस. पूर्वी चांगल्या पन्नासच्या होत्या. का हो?"

"सहज," मी म्हणालो.

त्या मला आत घेऊन गेल्या. खोलीत फिनेलचा आणि कापराचा वास होता. पलंगावर हातपाय काटकुळे झालेली म्हातारी पडली होती. डोळे मात्र लखलखीत.

"आई, हे माणिकप्पा काका. हिरवळीचं काम बघतात."

"वळखते की," धोंडाबाई म्हणाल्या. "दर खेपंला पाठ बघते यांची. मानंवर तीळ हाय."

माझ्या मानेवर, सदऱ्याच्या कॉलरखाली, तीळ आहे.

"अन् काय हो, त्या दिशी पलीकडल्या बाजूला गोणी कशाला बांधली? येवढी का जड हाय मी?"

उज्वलाताईंनी माझ्याकडे पाहिले. मी गोणीबद्दल त्या घरात चकार शब्द काढला नव्हता, आणि त्या सोमवारी दोघेही नवराबायको कामावर होते.

"नाही, मावशी," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

"चालवता बेस. आमच्या यांच्यापक्षा बेस. पर थांबत न्हाई तुमी. हे हिरीपशी थांबवायचे. गाडी बंद न्हाई करायचे, नुसती हळू. खाली उतरून हात द्यायचे. मग मी उतरायची, भाकरीचं गठुडं घेऊन." त्यांनी दम घेतला. "आता या वयात उडी मारू का मी? लई उंच हाय तिथनं. चकरा मारून मारून जीव मेटाकुटीला आला बघा. मला उतरवा, माणिकप्पा."

बाहेर आल्यावर उज्वलाताईंनी पदराने डोळे टिपले. "मामंजींच्या ट्रॅक्टरवर रोज डाव्या बाजूला बसून विहिरीपर्यंत जायच्या. लिंबाखाली चढायच्या. मामंजी जाऊन अठरा वर्षं झाली."

"विहीर कुठे होती?"

"बंगला बांधताना बुजवली. आता नेमकी जागा दयानंदांनाही सांगता यायची नाही."

मला ती माहीत होती. हिरवळीच्या ईशान्य कोपऱ्यात आठ पावले व्यासाचे एक वर्तुळ होते, जिथे गवत नेहमी बोटभर उंच वाढे. मी त्याची नोंद पहिल्याच दिवशी केली होती; कारण भराव, असे लिहिले होते.

मी गुरुवारी गेलो. सकाळचे दहा वाजले होते. ऊन स्वच्छ होते, वारा नव्हता. दयानंदराव रजा घेऊन आईच्या उशाशी बसले होते.

हवा तपासली. माती तपासली. मडगार्ड रिकामे होते.

लिंबापाशी मी मुद्दाम डाव्या चाकाकडे पाहिले. हवा कमी असलेल्या चाकाची कड जमिनीलगत थोडी फुगलेली असते. लिंब ओलांडताना ती आणखी फुगली.

पहिल्याच फेरीला ट्रॅक्टर त्या वर्तुळापाशी आणून मी थांबवला. न्यूट्रल केला. ब्रेक अडकवला. इंजिन हळू ठेवले.

खाली उतरून, पुढून वळसा घालून डाव्या बाजूला गेलो.

अडुसष्ट वर्षांचा पदविकाधारक माणूस भर सकाळी रिकाम्या मडगार्डपुढे हात करून उभा आहे, हे कुंपणापलीकडून कोणी पाहील, अशी मला लाज वाटली. तरी हात खाली घेतला नाही.

"या, मावशी," मी म्हणालो. "सावकाश."

तळव्यावर तळवा टेकला. कोरडा, खरखरीत, उबदार.

मग सगळा भार आला. एक क्षणभर. मला पाय रोवून उभे राहावे लागले.

चाकाची फुगलेली कड सैल झाली.

हात सुटला.

मी पुन्हा ट्रॅक्टरवर चढलो. हे मला नीट आठवते. डावा पाय पायरीवर ठेवला, उजव्या हाताने स्टिअरिंग धरले आणि बसलो. राहिलेल्या फेऱ्यांपैकी दोन पूर्ण केल्या. तिसरीच्या मध्यावर उज्वलाताई ओट्यावर आल्या आणि त्यांनी दोन्ही हात हलवून थांबण्याची खूण केली.

"आई गेल्या, काका," त्या म्हणाल्या. त्या रडत होत्या, तरी चेहरा मोकळा झाला होता. "कसलाच त्रास नाही. 'उतरले बाई एकदाची,' म्हणाल्या, अन् डोळे मिटले."

दयानंदरावांनी बाहेर येऊन मला हात जोडले. घरात माणसे जमू लागली. मी ट्रॅक्टर फाटकाबाहेर काढला आणि पट्टी घेऊन परत आत गेलो. सवयीने मोजमाप घेतले.

लिंबापासून वर्तुळापर्यंत उजवी चार, डावी सात. वर्तुळापासून पुढे दोन्ही सारख्या. मला समाधान वाटले.

पण त्या चार-चार नव्हत्या. वर्तुळापासून पुढे दोन्ही खुणा जेमतेम तीन भरत होत्या. मी जागा बदलून पाच ठिकाणी मोजले. तीन. शेवटी वहीत लिहिले, माती सुकली असावी.

शनिवारी ट्रॅक्टर टेम्पोतून नांदेडला पाठवायचा होता. टेम्पोवाल्याला वजनाची चिठ्ठी हवी होती, म्हणून ट्रॅक्टर बाजार समितीजवळच्या काट्यावर घातला. समोर तुरीच्या गाड्यांची रांग होती. काट्यावरच्या माणसाने खिडकीतून चिठ्ठी पुढे केली.

"आठशे वीस. डायवरसकट पायजे व्हतं का, काका? मंग वर बसून परत घ्या की. ही रिकाम्या गाडीची झाली, मागल्या खेपंला रिकामी येवढीच भरली व्हती."

"मी वरच बसलो होतो."

तो हसला. "मंग तुमी काय कापसाचे हाव काय?"

मी पुन्हा बसलो. त्याने पुन्हा वजन घेतले. आठशे वीस. मग काट्यात बिघाड आहे, असे पुटपुटत त्याने मागच्या गाडीला हात केला. मागची गाडी बरोबर भरली.

त्या दोन्ही चिठ्ठ्या माझ्या वहीत डकवलेल्या आहेत. या गोष्टीला आता वर्ष होत आले. माझी प्रकृती उत्तम आहे. भूक लागते, झोप लागते. काम पूर्वीपेक्षा वाढले आहे, कारण माझ्या ट्रॅक्टरखाली गवत दबत नाही असे लोक एकमेकांना सांगतात. दयानंदरावांच्या हिरवळीवर मी अजूनही दर सोमवारी जातो. त्या वर्तुळावरून जाताना थांबत नाही.

गेल्या आठवड्यात नांदेडला चंद्रप्रभाताईंच्या बंगल्यावर होतो. कोणीतरी पहाटे चुकून पाणी सोडल्यामुळे लॉन चिंब झाले होते. ट्रॅक्टर घालणे शक्य नव्हते, म्हणून मी नुसताच चालत पलीकडच्या टोकापर्यंत जाऊन मातीची परीक्षा केली आणि परत आलो. ताई ओट्यावरून पाहत होत्या. आधी त्यांनी हिरवळीकडे पाहिले, मग माझ्या कोरड्या बुटांकडे.

"कमाल आहे, काका," त्या कौतुकाने म्हणाल्या. "तुम्ही येऊन गेलात हे कळतसुद्धा नाही."