दगारावांच्या नावाची घागर

सुट्टीच्या शिबिरातून प्रमिलाबाईंच्या पदरात काय पडणार होतं? महिला मंडळाचं अध्यक्षपद, पेपरात फोटो आणि मंडळातल्या प्रतिस्पर्धी रुक्मिणीबाईंचं उतरलेलं तोंड. त्यातली तिसरी गोष्ट त्यांना सगळ्यात गोड लागत होती.

सुरतेतल्या प्लेगनंतरचं तिसरं वर्ष. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवागाम वस्तीतले निम्मे माग-कारागीर गावी खानदेशात गेलेले, त्यामुळे लूमची एक शेड रिकामी मिळाली. मागे राहिलेल्या पोरांना प्रमिलाबाई तिथे गाणी आणि शिवणटिपण शिकवत. आज समारोप. मंडळाचे आश्रयदाते शालिग्रामशेठ खूश झाले, की अध्यक्षपद तिथेच जाहीर. प्रमिलाबाईंचे यजमान दगाराव पोरांच्या रसासाठी आंबे आणायला सकाळीच शहराबाहेर कामरेजला गेले होते. "शिबिर तुझं, मान तुझा, हमाल मी," जाताना हसून म्हणाले होते.

शेडच्या मधोमध गव्हावर नवी घागर मांडली होती, तिच्या तोंडावर एक आंबा. आखाजीची घागर घरातल्या मेलेल्या माणसासाठी भरतात. त्याचं नाव घेऊन पाणी ओतलं, की तो येऊन पितो. खानदेशातलं शेंबडं पोरही हे जाणतं. सुरतेत वाढलेल्या पोरांना रीत कळावी म्हणून इथे नुसती मांडलेली.

शेठनी फोटोवाल्याला खुणावलं. "प्रमिलाबेन, घागर भरता भरता एक उखाणा थई जाय!"

"घागरीपाशी नको गं," रुक्मिणीबाई हळूच म्हणाल्या. "जित्या माणसाचं नाव तिथे घेतात का?"

जळते मेली! प्रमिलाबाईंनी एका हाताने आंबा उचलला, दुसऱ्याने तांब्या कलता केला.

"आखाजीच्या घागरीवर ठेवला आंबा, दगारावांचं नाव घेते, सगळे जरा थांबा!"

टाळ्या पडल्या, फ्लॅश उडाला. आणि पंखे थांबले.

बाहेर वैशाखाचं ऊन होतं, ते कुणी पुसून टाकावं तसं गेलं. मग पाऊस आला. असा, की पत्र्याखाली शेजारच्याचा आवाज शेजारच्याला ऐकू येईना. पोरं भिंतीला चिकटली. शेठ खुर्चीवर पाय घेऊन बसले. छताला एक भोक होतं, त्याची धार नेमकी उघड्या घागरीत पडू लागली.

भरून वाहिली तर गहू भिजतील, म्हणून प्रमिलाबाई घागर सरकवायला वाकल्या.

धार पडत होती. पाणी उतरत होतं.

त्यांनी बुडाखाली हात फिरवला. तडा नव्हता. गहू कोरडे होते. आतून मात्र आवाज येत होता, घोटामागून घोट घेतल्यासारखा.

"बेन," शिबिरातली छोटी चंचल कानाशी येऊन म्हणाली, "काकांना किती तहान लागलीये!"

"कोण काका?"

"तुमचे. केव्हाचे पितायत."

घागरीचा तळ दिसला. पाऊस थांबला.

दारात दगाराव उभे होते, डोक्यावर आंब्यांची पाटी. पोरं ओरडत धावली, शेठ खुर्चीवरून उतरले, सगळ्यांच्या जिवात जीव आला. पाटीतून पाणी निथळत होतं. प्रमिलाबाईंनी त्यांच्या सदऱ्याला हात लावला.

सदरा कोरडा होता. केस कोरडे. चपलाही.

"अहो, एवढ्या पावसात... पाणी देऊ?"

"पीसन उनू," दगाराव घरच्या अहिराणीत म्हणाले. "तूच ना बलायं माले?" पिऊन आले होते, त्यांच्याच बोलावण्यावरून.

अध्यक्षपद मिळालं. फोटो छापून आला. रुक्मिणीबाईंचं तोंड काही उतरलं नाही; त्यांनी प्रमिलाबाईंच्या दारावरून जाणं तेवढं सोडलं. दगाराव कामाला जातात, येतात, थट्टाही करतात. घरात त्यांनी पुन्हा कधी पाणी मागितलं नाही. प्रमिलाबाई रोज संध्याकाळी त्यांच्या नावाने घागर भरतात, सकाळी ती कोरडी असते. इथवर त्यांची तक्रार नव्हती. कपाळावरच्या कुंकवाला हा भाव महाग नाही, असं त्या स्वतःला समजावत.

अलीकडे तांब्याही रिकामा होतो. प्रमिलाबाईंच्या स्वतःच्या उशाशी असतो तो, आणि कुणाच्या नावाने भरलेला नसतो.