वर्षालीचा व्हिडिओ

बसा रे. ओजस, तो दिवा राहू दे बंदच. आपल्या रविराजची गोष्ट आहे, माझ्या भाच्याची. त्याच्याच तोंडून ऐकलेली.

कासारवाडी स्टेशनबाहेर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, तुम्हाला माहीत आहे. गेल्या डिसेंबरात निघोज्याची जयमाला नावाची बाई त्याच्याकडे एक हार्ड डिस्क ठेवून गेली. मूळची लातूरकडची. नवरा किसन चाकणला कंपनीत. त्यांची एकुलती एक पोरगी, वर्षाली, पावसाळ्यात तापानं गेली. सहा वर्षांची होती. तिचे सगळे फोटो, व्हिडिओ किसननं फोनमधून काढून त्या डिस्कमध्ये ठेवलेले. दिवाळीची साफसफाई करताना जयमालाच्या हातून ती डिस्क खाली पडली.

त्या दिवसापासून किसन तिच्याशी बोलेना. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बोलणंच थांबलं.

डिस्क देऊन आठवडा झाला, तशी ती पुन्हा आली. गुरुवार होता, दत्तजयंतीचा. संध्याकाळची वेळ. अंगावर पिवळी साडी. म्हणाली, "फोटो नाही निघाले तरी चालतील. आवाज तेवढा काढा. मला आता तिचा आवाज आठवंना."

रविराजला घरी जाववेना. ती गेल्यावर तो डिस्क लावून बसला. फाइली निघत होत्या, पण सगळ्या फुटलेल्या. अर्धं कपाळ, मग राखाडी पट्टे. एक हात. पुन्हा पट्टे. रात्री पावणेबाराला शेवटची फाइल निघाली. व्हिडिओ. तो मात्र नीट सुरू झाला.

एक खोली. अंधुक. धरणाऱ्यानं फोन अगदी खाली धरलेला, लहान मुलाच्या उंचीवर. चित्र हळूहळू पुढं सरकत होतं. ओटा. दार, अर्धवट उघडं. आणि दाराशी, नुसत्या फरशीवर, कुणीतरी झोपलेलं.

जयमाला.

अंगावर पिवळी साडी.

रविराज बघतच राहिला. डिस्क आठवडाभर त्याच्या कपाटात होती. साडी आजची होती...

चित्र तिच्या तोंडाजवळ थांबलं. कुणाचा तरी श्वास ऐकू येत होता. लहानसा. भरभर.

मग आवाज आला.

"आईला थंडी वाजतीय."

...

"काका... बाबांना सांगा ना."

व्हिडिओ संपला. रविराजनं पुन्हा लावायला हात पुढं केला. फाइल नव्हती. कुठंच नव्हती.

पावतीवर जयमालानं किसनचा नंबर आणि घरचा पत्ता लिहून दिलेला. त्यानं किसनला फोन लावला. तो सेकंड शिफ्ट सुटून घरी निघाला होता. रविराज एवढंच म्हणाला, "लवकर घरी जा. वहिनी थंडीत झोपल्यात." मग किसननं विचारलं, तुम्हाला कसं कळलं? रविराजनं फोन ठेवला. पण दुकानात एकट्यानं बसवेना. त्यानं गाडी काढली, मोशीवरून निघोज्याला गेला.

दार अर्धवट उघडं. किसन नुकताच पोचलेला, उंबऱ्यातच थांबलेला. आत जयमाला फरशीवर झोपली होती. पण उघडी नव्हती. अंगावर एक गोधडी होती. लहान मुलाची. खांद्यापासून जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचणारी. नीट, चारी बाजूंनी खोचलेली.

किसन खाली बसला. "जया," त्यानं हाक मारली. दिवाळीनंतर पहिल्यांदा. ती जागी झाली, त्याच्याकडं बघितलं, आणि मग अंगावरच्या गोधडीकडं. नुसतीच रडत राहिली. तोही.

फोटो एकही निघाला नाही. पण दोघं आता बोलतात.

त्या रात्री निघताना रविराजनं किसनला विचारलं, गोधडी तुम्ही घातलीत का?

किसननं नकारार्थी मान हलवली.

"पोरीला पुरताना तिच्या अंगावर होती," तो म्हणाला. "मीच घातली होती."

मी नंतर गेलो होतो त्यांच्याकडं. गोधडी हातात घेऊन पाहिली. कडेला अजून माती आहे.