मामाची शीळ

आईच्या माहेरची भाषा आणायला आम्ही निघालो होतो. सोनं नव्हे, मध नव्हे, वाघाचं कातडं नव्हे. भाषा! मी मेलेसियो, आयुष्यभर खेचरावर कॉफीची पोती लादून चिनान्तलाचे डोंगर चढलो-उतरलो, पण असला माल आणायला कधी गेलो नव्हतो.

खूळ माझ्या धाकट्या बहिणीचं, ओतिलियाचं. ती शहरात शिकली. आमच्या डोंगरात दर खोऱ्याची बोली वेगळी. सगळ्या सुरांवर चालणाऱ्या. सूर चढला-उतरला की शब्दच बदलतो. ओतिलिया म्हणायची, या सगळ्या सख्ख्या बहिणी आहेत. त्यांची आई फार पूर्वी गेली, तिचं लिहिलेलं एक अक्षर मागे नाही. मुलींच्या तोंडवळ्यावरून आईचा चेहरा काढायचा. काढलेल्या प्रत्येक शब्दापुढे ती एक चांदणी काढायची. चांदणी म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही, नुसता ताडलेला.

"मग ताड की घरी बसून! माझ्या पालोमाचे पाय कशाला मोडतेस?" मी म्हणालो. पालोमा म्हणजे माझं खेचर.

"एक मुलगी हाती नाही, दादा. बाकीच्यांनी गिळून टाकलेले आवाज तिच्याकडे असणार. आपल्या आईच्या माहेरची बोली."

मग मी पालोमाचं खोगीर कसायला उठलो. आई लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा झऱ्यावरच्या बायका तिच्या बोलण्याला हसल्या. तिनं बोली मिटून ठेवली, ती कायमची. आम्हा पोरांच्या कानावर तिनं त्यातलं एक अक्षर पडू दिलं नाही. ओतिलियानं विचारलं की तव्यावरची भाकर उलटत म्हणायची, "विसरले मी. माझ्या भावाला विचार, असला तर."

पण निघताना तीच आई कुंपणापर्यंत आली आणि पालोमाची दोरी धरून उभी राहिली.

"त्याचा आवाज येईल का गं तुझ्या त्या डब्यात?" ओतिलियाच्या खांद्यावरच्या टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवत तिनं विचारलं. "एकदा ऐकायचाय मला. मग डोळे मिटले तरी चालेल."

"डोळेबिळे काय मिटतेस! आणतो आम्ही," मी म्हणालो.

वाट म्हणजे नुसतं धुकं आणि चिखल. झाडांच्या फांद्यांवरून शेवाळ लोंबत होतं, आणि पुढे चालणारी बहीण कधी दिसायची, कधी नुसती खोकताना ऐकू यायची. नदीकाठी मी गारगोट्या तापवून तुंब्यात टाकल्या आणि माशांचं कालवण उकळवलं. आमच्याकडे हे पुरुषाचं काम. ओतिलियानं दोनदा मागून घेतलं आणि वर म्हणते कशी, "मीठ कमी आहे."

"शहरात रोज खारट खाऊन जीभ मेलीय तुझी!"

शेवटच्या घळीवर वेलींचा झुलता पूल होता. पालोमा काही त्यावर पाय ठेवणार नव्हती. तिला अलीकडच्या कड्याखाली बांधलं आणि आम्ही पलीकडे चढलो. धरणाच्या वेळी आईच्या माहेरचं गाव उठलं, माणसं पांगली. तिबुर्सियोमामा तेवढा आपल्या कोंबड्या घेऊन राहिला होता. गुडघे गेलेले, एका डोळ्यात पडदा. त्यानं मला जवळ ओढलं, गालांवरून बोटं फिरवली आणि मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाला, "नाक बासीलियाचं! बिचाऱ्या पोरा!"

बासीलिया म्हणजे आमची आई. आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

ओतिलियानं टेपरेकॉर्डर लावला. मामा बोलत राहिला: पाणी, मका, धूर, बहीण. ती मध्येच आपला एखादा चांदणीचा शब्द म्हणून दाखवायची आणि मामा मान डोलवायचा, "माझ्या पणजीसारखं बोलतेस की गं!" बहिणीचे डोळे भरून आले. मी कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेलो. रडणाऱ्या माणसांत मला बसवत नाही.

निघताना मामानं डब्याकडे बोट दाखवलं. "याला ओठ नाहीत. माझा यावर भरवसा नाही. पलीकडच्या कड्यावर पोचलात की थांबा. बासीलियासाठी निरोप आहे, तो मी शिळेनं देईन."

आमच्या डोंगरात पुरुष शिळेवर बोलतात. शब्दांचा सूर तेवढा वाजवायचा, घळीपलीकडच्या माणसाला सगळं कळतं. बायकांनाही कळतं, पण बाईनं शीळ घालायची नाही, अशी रीत. दुसरी रीत अशी की मिळालेला निरोप जसाच्या तसा परत वाजवायचा. नाही वाजवला तर तो पोचलाच नाही असं समजतात.

पुलावर आलो आणि पावसानं गाठलं. नदी फुगली. मी पुढे, ओतिलिया मागे, टेपची पिशवी तिच्या खांद्यावर. मध्यावर वेल करकरली. तुटली! पूल एका अंगावर कलंडला. वळून पाहतो तर बहीण लोंबकळतेय, एका हातात वेल, दुसऱ्या हातात पिशवी.

"सोड ती पिशवी!"

पाण्याच्या गर्जनेत माझाच आवाज मला ऐकू येईना. मग मी दोन बोटं तोंडात घातली आणि जीव खाऊन शीळ घातली: सोड! सोड! दोन्ही हातांनी धर!

तिनं माझ्याकडे पाहिलं. मान हलवली. नाही! पुन्हा शीळ: आईला तू हवीस!

पिशवी पडली. पाण्यात एकदा वर आली आणि गेली. मी सरपटत मागे गेलो, तिचं मनगट धरलं, ओढत, फरफटत तिला काठावर आणलं. मागे उरलेला पूलही धाडकन कोसळला. पालोमा आमच्याकडे पाहत गवत चघळत होती.

आम्ही कड्यावर चढलो. वर पोचल्यावर ओतिलिया बसली आणि हमसून हमसून रडू लागली. "आईला काय सांगू रे, दादा?"

"सांग, पोरगी आणली. वेडे, जीव वाचला ना!" मी तिचं डोकं छातीशी धरलं. पण मनात तोच प्रश्न होता. डबा गेला, आता आईला काय देणार?

तेवढ्यात पलीकडून शीळ आली. बारीक, थकलेली, तरी स्वच्छ. मामा! त्याची बोली मला येत नव्हती, एकाही सुराचा अर्थ लागेना. पण रीत ती रीत. मी जसं ऐकलं तसं परत वाजवलं. चुकलं. त्यानं पुन्हा घातली, मी पुन्हा. तोंड दुखून आलं तरी म्हाताऱ्यानं सोडलं नाही. अखेर बरोबर आलं तेव्हा एक लांब शीळ आली. ती समजायला कुठलीच भाषा लागत नाही. जा म्हणाला.

घरापर्यंत मी तोच निरोप घोळवत आलो. ओतिलिया काही विचारू लागली की हातानं गप्प करायचो, सांडला असता.

आई चुलीपाशी होती. आमच्या रिकाम्या हातांकडे तिनं पाहिलं आणि कॉफी ओतू लागली. मी दारातच उभा राहून शीळ घातली.

कप तिच्या हातून सुटला.

"पुन्हा," ती म्हणाली. मी पुन्हा घातली. ती मटकन खाली बसली. मग तिच्या तोंडून ते शब्द आले, मी कधी न ऐकलेले, माझ्या शिळेच्या सुरांत चपखल बसणारे. ओतिलियानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

"काय म्हणतो गं, आई?"

"मी लग्न होऊन निघाले तेव्हा पाऊस होता. तो कड्यावरून हेच विचारत होता, 'वाट निसरडी आहे, धाकटे, पोचलीस का?' मला ऐकू आलं रे! पण बाईमाणूस मी, उत्तर कशी देणार? आणि तो अजून तेच विचारतोय."

पाऊस ओसरल्यावर आम्ही आईला पालोमावर बसवून त्या कड्यावर नेलं. वाटभर ती बोलत होती: हे झाड, ही वेल, हा पक्षी, सगळं माहेरच्या बोलीत. ओतिलिया बाजूनं धावत होती, ऐकत होती, म्हणून पाहत होती. मध्येच थांबली आणि ओरडली, "दादा, ही चांदणी आता पुसायची!"

कड्यावर आईनं पदराच्या टोकानं ओठ पुसले आणि स्वतः शीळ घालून पाहिली. रीत गेली खड्ड्यात! पण नुसती हवा निघाली. ती हसली, रडली आणि म्हणाली, "तू घाल बाबा. मी सांगते तशी."

तिनं उत्तराचा शब्द माझ्या कानात सांगितला. मी बोटं तोंडात घातली. पोचले!

घळीत पाणी वाहत होतं. आईनं माझी बाही धरली होती.

मग पलीकडून रीतीप्रमाणे परत वाजलं: पोचले. अगदी बरोबर होतं, एक सूर चुकला नव्हता. तरी मामा तेच वाजवत राहिला, पुन्हा, आणि पुन्हा, आणि पुन्हा.