मूकनळी

यंत्रकरवत भरवेगात फिरत होती आणि तिचा आवाज मुळीच नव्हता. चाचणीगृहात शिरस्त्राण घालून उभ्या असलेल्या कुसुम आत्रामची नजर पडद्यावर होती. करवत काही कापत नसताना उष्णतेचा आकडा उसळला, उतरला. असं तीनदा. तिने इंजिन बंद केलं.

"बहिरी झालीस काय?" डॉ. खानझोडे दारातून म्हणाले. "तीन हाका मारल्या. चहा निवला."

कुसुमने पुन्हा पडद्याकडे पाहिलं: तीन हाका, तीन उसळ्या.

"सर, साधा सायलेन्सर आवाज दाबतो तेव्हा धूर तुंबतो आणि इंजिन तापतं. बरोबर?"

"म्हणून तर आपली मूकनळी. शिरस्त्राणात कानाशी मायक्रोफोन आहे. तो टिपेल त्या आवाजाच्या नेमक्या उलट लाटा नळीच्या झडपा धुरातून काढतात. कानाशी शांतता."

"फक्त इंजिनचाच आवाज मारायचा, हे तिला सांगितलंय?"

खानझोडे पडद्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, "हाकेचा आवाज मारायला झडपा जास्त मिटाव्या लागतील. धूर तुंबेल. तेवढ्यापुरती नळी तापेल."

"बाबांच्या करवतीची नोंद काढा."

दोन महिन्यांपूर्वी तिचे बाबा पडत्या सागवानाखाली सापडून गेले होते. झाड कुठे झुकतंय ते पाहायला, राखणीला, चैतूकाका होते. चालती करवत हातात असलेल्या माणसाला हात लावायचा नाही, जागेवरून ओरडायचं, हा तोडणीचा नेम. 'का ओरडला नाहीत?' असं कुसुमने त्यांना साऱ्या गावासमोर विचारलं होतं. 'ओरडलो,' एवढंच म्हणून ते उठून गेले होते.

बाबांच्या नोंदीत शेवटच्या मिनिटात आकडा अकरा वेळा उसळला होता.

बाबांच्या जागी आता काका करवत चालवत होते, याच नळीची. पडद्यावर ती या क्षणी चालू दिसत होती. कुसुमने त्यांच्या शिरस्त्राणातला फोन लावला; त्यांच्या डोळ्यांपुढच्या काचेवर तिचं नाव उमटलं.

"कोण, कुसुम? बोल पोरी."

"काका, मशीन बंद करा. मागं सरका."

तिच्या प्रत्येक शब्दासरशी त्यांच्या करवतीचा आकडा चढत होता.

"काही आयकू येत नाही. रागावली हायेस अजून?"

"काका!"

"बरं, नको बोलू. झाड आलंच हाये, पाडतो न् मंग फोन करतो. पण तुमची मशीन चांगली हाये पोरी. लय शांत वाटते."

त्यांच्या मागून कुणीतरी ओरडलं, "चैतूबाप्पा, सरका!" कुसुमला ते स्पष्ट ऐकू आलं.

पडद्यावरचा आकडा उसळला.